ग्लेझची घनता तीच, तरी थर वेगळा का बसतो? दाटपणा मोजण्याची आणि राखण्याची पद्धत

ग्लेझ म्हणजे मातीच्या भांड्यावर लावायचे, भाजल्यावर काचेसारखा थर देणारे पाण्यातले मिश्रण. प्रश्नकर्त्यांची अडचण थोडक्यात अशी आहे. कृती तीच, घटकांची वजने तीच, आणि दर वेळी १०० मिलिलिटर ग्लेझचे वजन करून विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, १.४५ वर आणले जाते. तरीही नवे कालवलेले ग्लेझ बिस्क, म्हणजे एकदा भाजलेल्या पण ग्लेझ न लावलेल्या, भांड्यावर एकसारखे बसते, आणि तेच ग्लेझ काही आठवडे बादलीत राहिल्यावर ओघळते, उशिरा वाळते, पातळ थर देते आणि तळाशी कठीण साका धरते. कृतीत नेफेलिन सायनाइटचे (सोडियमयुक्त खडकाच्या पुडीचे) प्रमाण मोठे आहे आणि केओलिन, म्हणजे पांढरी चिकणमाती, १० टक्क्यांहून कमी आहे. मोजमाप चुकते आहे की ग्लेझ बिघडले आहे, असा त्यांचा प्रश्न आहे.

मोजमाप बहुधा बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. विशिष्ट गुरुत्वावरून मिश्रणात पाणी किती आणि घन पदार्थ किती एवढेच कळते. ते घन कण पाण्यात एकमेकांपासून सुटे राहतात की एकमेकांना धरून सैल जाळी बांधतात, हे त्या आकड्यात दिसत नाही, आणि भांड्यावर बसणारा थर त्यावरच बराचसा अवलंबून असतो. एकाच कृतीची, १.४५ विशिष्ट गुरुत्वाची दोन मिश्रणे शेजारी ठेवली आणि एकात चिमूटभर मॅग्नेशियम सल्फेट, तर दुसऱ्यात सोडियम सिलिकेटचे काही थेंब टाकले, तर पहिले सायीसारखे दाट होईल आणि दुसरे पाण्याइतके पातळ वाटेल. काट्यावर मात्र दोघांचे वजन जवळपास सारखेच भरेल. म्हणून ग्लेझसाठी दोन मोजमापे लागतात, एक घनतेचे आणि दुसरे प्रवाहीपणाचे, म्हणजे ग्लेझ किती सहज वाहते याचे, आणि ती याच क्रमाने करावी लागतात.

घनतेपासून सुरुवात करतो, कारण तिथेही मोजण्याच्या पद्धतीत चुका शिरतात. पाण्यात तरंगणारी काचेची हायड्रोमीटर नळी स्वच्छ द्रवांसाठी उत्तम असते, परंतु दाट ग्लेझमध्ये ती जिथे सोडाल तिथेच अडकून राहते आणि हव्या त्या आकड्यावर उभी राहण्याची भिडस्त सवय दाखवते. ग्लेझ जितके दाट किंवा जेलीसारखे, तितके तिचे वाचन अविश्वसनीय. त्यामुळे ठरावीक आकारमानाचे वजन करणे हीच पद्धत मी वापरायला सांगतो. मोजपात्र आधी पाण्याने तपासून घ्यावे. रिकामे पात्र काट्यावर ठेवून शून्य करावे, १०० ग्रॅम पाणी भरावे आणि पाण्याची पातळी जिथे येईल तिथे स्वतःची खूण करावी. स्वस्त पात्रांवर छापलेली रेघ बरेचदा दोन-तीन मिलिलिटरने चुकलेली असते. १०० मिलिलिटरमध्ये एका मिलिलिटरची चूक झाली, तर १.४५ च्या जागी सुमारे १.४६ किंवा १.४४ दिसते, आणि एवढा फरक काही ग्लेझमध्ये डोळ्यांना जाणवण्याइतका असतो. रुंद तोंडाच्या पेल्यापेक्षा अरुंद मानेची बाटली किंवा मोठी सिरिंज बरी, कारण अरुंद मानेत पातळीची चूक आकारमानात फारशी उतरत नाही. नमुना घेण्यापूर्वी ग्लेझ तळापासून ढवळलेले, ८० किंवा १०० मेशच्या (इंचामागे तेवढी छिद्रे असलेल्या) चाळणीतून गाळलेले आणि हवेचे बुडबुडे निघून गेलेले असावे. जोराने फिरणाऱ्या मिक्सरनंतर लगेच मोजले, तर अडकलेल्या हवेमुळे आकडा कमी येतो आणि पाणी जास्त झाल्याचा गैरसमज होतो.

जुन्या कृतींमध्ये घनता कधी बोमे (हायड्रोमीटरवरचे एक माप) अंशांत, तर कधी एका पाइंटमागे किती औंस अशी दिलेली आढळते. ब्रिटिश पाइंटमध्ये २० औंस पाणी मावते, त्यामुळे २९ औंसांचा पाइंट म्हणजे २९ भागिले २०, अर्थात १.४५. जड द्रवांच्या बोमे मापात १४५ मधून १४५ भागिले विशिष्ट गुरुत्व ही संख्या वजा करतात, १.४५ ला ती बरोबर ४५ अंश येते.

घनता कळली की पाणी किती घालायचे हे अंदाजावर सोडण्याचे कारण उरत नाही. असलेल्या आणि हव्या असलेल्या विशिष्ट गुरुत्वांतील फरकाला हव्या असलेल्या विशिष्ट गुरुत्वातून १ वजा केलेल्या संख्येने भागावे आणि बादलीतल्या लिटरांनी गुणावे. १० लिटर ग्लेझ १.५२ वर आहे आणि ते १.४५ वर आणायचे आहे, तर फरक ०.०७, भाजक ०.४५, आणि उत्तर सुमारे १.५५ लिटर पाणी. ग्लेझ १.४० वर असेल, तर हेच सूत्र सुमारे १.१ लिटर पाणी काढा असे सांगेल. काढताना एक गोष्ट सांभाळावी. वर साचलेले निवळ पाणी फेकू नये. त्यात विरघळलेले क्षार असतात, आणि त्यांपैकी काही ग्लेझच्या रासायनिक घडणीचा भाग असतात, तर काही प्रवाहीपणा ठरवणारे असतात. ते पाणी झाकून ठेवावे आणि पुढे पातळ करण्याची वेळ आली की नळाच्या पाण्याऐवजी तेच वापरावे.

ओल्या ग्लेझमध्ये कोरडे द्रव्य किती आहे हे काढण्यासाठी ब्रॉन्यार यांचे सूत्र आजही पुरते. अलेक्झांद्र ब्रॉन्यार हे १८०० ते १८४७ या काळात फ्रान्समधील सेव्र पोर्सिलेन कारखान्याचे प्रमुख होते. ग्लेझच्या वजनातून तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याचे वजन वजा करायचे आणि उरलेल्या संख्येला कोरड्या द्रव्याचे विशिष्ट गुरुत्व भागिले त्याहून एकने कमी संख्या, या गुणोत्तराने गुणायचे. सिलिका, फेल्डस्पार, केओलिन आणि कॅल्शियम कार्बोनेट या सर्वांचे विशिष्ट गुरुत्व २.६ ते २.७ च्या आसपास असल्याने बहुतेक ग्लेझसाठी २.६ धरले तरी चालते आणि गुणक १.६२५ येतो. १.४५ च्या एक लिटर ग्लेझमध्ये ४५० गुणिले १.६२५, म्हणजे सुमारे ७३१ ग्रॅम कोरडे द्रव्य असते. पाच लिटर तयार ग्लेझमध्ये ५ टक्के टिन ऑक्साइड घालायचे असेल, तर ३,६५६ ग्रॅमचे ५ टक्के, म्हणजे सुमारे १८३ ग्रॅम. झिरकॉन किंवा बेरियम कार्बोनेट यांसारखे जड घटक मोठ्या प्रमाणात असतील, तर मात्र हा गुणक बदलतो. त्यामुळेच, १.४५ ही सर्व ग्लेझसाठी योग्य घनता आहे, ही समजूत सोडून द्यावी. जड घटकांच्या ग्लेझमध्ये १.४५ वर पाणी जास्त असते. प्रत्येक ग्लेझचा आकडा स्वतंत्र. बुडवण्याच्या कामासाठी तो सामान्यतः १.४० ते १.५० च्या दरम्यान सापडतो.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे प्रवाहीपणाकडे वळतो.

ग्लेझमधले वाळूसारखे कण, म्हणजे सिलिका आणि फेल्डस्पार, स्वतःहून पाण्यात तरंगत नाहीत. त्यांना तरंगत ठेवण्याचे काम केओलिन, बॉल क्ले किंवा बेंटोनाइट यांच्या अतिशय बारीक, चपट्या कणांकडे असते. या चकत्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. पाण्यात सोडियमसारखे एकसंयुजी (एकच भार असलेले) आयन, म्हणजे विद्युतभारित कण, असतात तेव्हा प्रत्येक कणाभोवतीचे विद्युतकवच रुंद राहते, कण एकमेकांना दूर ढकलतात, आणि मिश्रण पातळ वाटते. असे सुटे कण खाली बसताना एकावर एक दाट रचले जातात, म्हणून साका कठीण होतो. मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम यांसारखे द्विसंयुजी (दुप्पट भाराचे) आयन आले की ते कवच आकसते, चकत्या एकमेकींजवळ येतात आणि कडेला पृष्ठभाग लागून पत्त्यांच्या बंगल्यासारखी पोकळ रचना तयार होते. त्या पोकळ्यांत पाणी आणि फेल्डस्पारचे कण दोन्ही अडकून राहतात. पहिल्या अवस्थेला डीफ्लॉक्युलेशन आणि दुसऱ्या अवस्थेला फ्लॉक्युलेशन म्हणतात. ढवळले की ही रचना मोडते आणि स्थिर ठेवले की पुन्हा उभी राहते. या गुणाला थिक्सोट्रॉपी म्हणतात. बुडवण्याच्या ग्लेझमध्ये तो थोडा हवाच असतो, कारण भांडे बाहेर काढताच थर जागच्या जागी थांबतो आणि ओघळ पडत नाहीत.

नेफेलिन सायनाइट, काही फ्रिट (वितळवून दळलेली काच) आणि लाकडाची राख यांतून सोडियम किंवा पोटॅशियम हळूहळू पाण्यात उतरत राहते आणि पाणी अधिकाधिक अल्कधर्मी होत जाते. प्रश्नातल्या बादलीत हेच घडते आहे. पहिल्या दिवशी ठीक असलेले मिश्रण आठवड्यांनंतर आपोआप डीफ्लॉक्युलेट होते. त्यातच चिकणमाती कमी असल्याने जाळी बांधायला साहित्यच अपुरे पडते. विशिष्ट गुरुत्व मात्र जागचे हलत नाही, कारण पाणी आणि घन द्रव्य तितकेच राहिले आहे. उलट दिशेनेही असे घडते. कोलेमनाइट किंवा जर्स्टली बोरेट ही बोरॉनयुक्त द्रव्ये असलेली ग्लेझे साठवणीत घट्ट जेली बनतात, आणि कठीण पाण्यातला कॅल्शियम नव्या ग्लेझला अनपेक्षित दाट करतो. जेली झालेले ग्लेझ पाहून त्यात पाणी ओतण्याचा मोह सर्वांनाच होतो. तो आवरावा, कारण त्याने घनता पडते, थर सच्छिद्र आणि जास्त पाण्याचा होतो, वाळताना तडकतो आणि भट्टीत ग्लेझ आकसून बिस्क उघडे पडते.

प्रवाहीपणा मोजण्यासाठी उद्योगात टॉर्शन व्हिस्कोमीटर किंवा फिरत्या दांड्याचे व्हिस्कोमीटर वापरतात. छोट्या कार्यशाळेसाठी भोकाचा कप पुरेसा असतो. फोर्ड कप क्रमांक ४ चे भोक चार मिलिमीटरहून किंचित मोठे असते. तो नसेल तर एखाद्या टणक प्लॅस्टिक पात्राच्या तळाला तेवढे स्वच्छ भोक पाडून तेच पात्र कायम वापरावे. ग्लेझ ढवळून लगेच, भोकावर बोट धरून कप काठोकाठ भरावा, बोट काढावे आणि धार पहिल्यांदा तुटेपर्यंतचे सेकंद मोजावेत. शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबू नये, कारण थिक्सोट्रॉपिक ग्लेझ शेवटी कपातच थिजू लागते. नंतर पुन्हा भरून, भोकावर बोट ठेवून एक मिनिट तसेच राहू द्यावे आणि मग सोडावे. पहिला आकडा प्रवाहीपणा दाखवतो, दुसरा आणि पहिला यांच्यातील फरक थिक्सोट्रॉपी दाखवतो. माझ्या मते हा दुसरा आकडा बहुतेक जण मोजतच नाहीत, आणि ग्लेझ बुडवल्यावर ओघळेल की नाही हे सर्वांत आधी तोच सांगतो. हे सेकंद दुसऱ्याच्या सेकंदांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. त्याच कपात साध्या पाण्याला किती वेळ लागतो ते लिहून ठेवावे, म्हणजे कपाचे भोक झिजले किंवा बुजले तर लक्षात येते.

कपही नको असेल, तर बादली हाताने गोल ढवळून हात काढून घ्यावा आणि पाहत राहावे. योग्य अवस्थेतले ग्लेझ एक-दोन फेऱ्या फिरून हळू होते, एकाएकी संपूर्ण एकत्र थांबते आणि किंचित मागे सरकते. डीफ्लॉक्युलेट झालेले ग्लेझ फिरतच राहते. फार दाट झालेले ग्लेझ फेरी पूर्णही करत नाही. कपातून आकडा मिळतो, इथे नजरेने अंदाज घ्यायचा असतो, आणि सरावाने ती नजर बरीच पक्की होते.

तापमानाचा विचार इथे करावाच लागतो. पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, १० अंश सेल्सिअसला सुमारे १.३१ मिलिपास्कल-सेकंद, २० अंशांना १.०० आणि ३० अंशांना ०.८० असते, म्हणजे थंडीच्या सकाळी आणि उन्हाळ्याच्या दुपारी मोजलेल्या सेकंदांत ग्लेझमध्ये काहीही न बदलता मोठा फरक पडतो. नोंदीत सेकंदांशेजारी तापमान लिहिले की हा गोंधळ मिटतो.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला ठेवावा: आधी पाणी, मग आयन. ग्लेझ कालवल्यावर एक रात्र राहू द्यावे, कारण चिकणमाती पूर्ण भिजायला आणि क्षार विरघळायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी गाळून घनता ठरवलेल्या आकड्यावर आणावी आणि त्यानंतर ती विसरून जावी. मग ग्लेझ पातळ वाटले तर एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. संपृक्त द्रावणाऐवजी मोजलेले द्रावण करणे मला अधिक सोयीचे वाटते. २० ग्रॅम क्षार पाण्यात विरघळवून एकूण द्रावण १०० मिलिलिटर करावे, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये नेमका १ ग्रॅम येतो आणि पुढच्या वेळी तोच प्रयोग पुन्हा करता येतो. कोरड्या द्रव्याच्या प्रत्येक किलोला १ ग्रॅमच्या हिशेबापासून सुरुवात करावी. द्रावण थोडे-थोडे घालावे, दोन-तीन मिनिटे ढवळावे आणि मोजावे. परिणाम लगेच पूर्ण दिसत नाही, म्हणून घाईने दुप्पट घालू नये. व्हिनेगरही चालते, पण ग्लेझमधला कॅल्शियम कार्बोनेट ते खाऊन टाकतो, परिणाम टिकत नाही आणि साठवणीत बुरशीला खाद्य मिळते. कॅल्शियम क्लोराइड बरेच जोमदार आहे, त्यामुळे मोजून घालण्याची शिस्त नसेल तर ते दूर ठेवलेले बरे.

ग्लेझ जास्त दाट झाले, तर सोडियम पॉलिॲक्रिलेटसारख्या डीफ्लॉक्युलंटचे एक-दोन थेंब पुरतात. मात्र कधी मॅग्नेशियम, कधी सोडियम असे आलटून पालटून घालत राहिल्यास पाण्यात क्षार साचत जातात आणि शेवटी ग्लेझ कशालाच दाद देत नाही. अशा बादलीतले ग्लेझ क्षार न घातलेल्या ताज्या ग्लेझमध्ये मिसळून वापरावे.

चिकणमाती मुळातच कमी असेल, तर क्षारांवर विसंबून काम होणार नाही. केओलिन वाढवून फेल्डस्पारिक घटक त्या प्रमाणात कमी करणे हा कायमचा इलाज असला, तरी त्यासाठी रासायनिक सूत्र पुन्हा मांडून चाचणी घ्यावी लागते. तेवढे करायचे नसेल, तर १ ते २ टक्के बेंटोनाइट घालावे, पण ते कोरड्या घटकांत नीट मिसळून मगच पाण्यात टाकावे. तयार ओल्या ग्लेझवर भुरभुरले तर त्याच्या गुठळ्या चाळणीतच राहतात. सीएमसी (सेल्युलोजपासून बनवलेल्या) गोंदाने ग्लेझ घट्ट चिकटते आणि हळू वाळते, म्हणून ब्रशने लावण्याच्या ग्लेझमध्ये तो उपयोगी आहे. बुडवण्याच्या ग्लेझमध्ये मी तो टाळतो, कारण तो थर उशिरा घट्ट होऊ देतो आणि जिवाणूंनी कुजला की प्रवाहीपणा पुन्हा बदलतो.

एवढे सांभाळूनही थर बदलला, तर दोष बादलीत नसून बिस्कमध्ये असण्याची शक्यता पाहावी. भांड्याची भिंत ओल शोषते आणि मागे कणांचा थर राहतो; ही क्रिया साच्यात स्लिप, म्हणजे पातळ केलेली माती, ओतून थर जमवण्यासारखीच आहे, आणि थराची जाडी ढोबळमानाने वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ३ सेकंदांऐवजी ६ सेकंद बुडवल्यास जाडी दुप्पट न होता सुमारे १.४ पट होते. बिस्कची भाजणी जितकी उष्ण, तितके शोषण कमी. पातळ भिंत लवकर तृप्त होते, आणि धुऊन नीट न वाळलेले भांडे तर थर धरतच नाही. यासाठी प्रत्येक बिस्क भट्टीत त्याच मातीच्या, त्याच जाडीच्या काही छोट्या फरशा ठेवाव्यात. फरशी वजन करून ठरावीक सेकंद बुडवावी, ओली चमक जायला किती सेकंद लागले ते लिहावे, पूर्ण वाळल्यावर पुन्हा वजन करावे आणि वाढलेल्या वजनाला बुडालेल्या क्षेत्रफळाने भागावे. दर चौरस सेंटीमीटरला किती ग्रॅम कोरडे ग्लेझ बसले, हा आकडा घनता, प्रवाहीपणा, वेळ आणि बिस्क या सगळ्यांचा एकत्र निकाल असतो. सुईने थर खरवडून जाडीही पाहता येते. बहुतेक ग्लेझमध्ये कोरडा थर अर्धा ते एक मिलिमीटर असतो आणि सेलाडॉनसारख्या (फिकट हिरव्या) जाड लावायच्या ग्लेझमध्ये त्याहून अधिक. सुईचे मोजमाप हाताच्या दाबावर ठरते, म्हणून माझा भर वजनावर असतो.

प्रश्नातल्या बादलीसाठी आता इतकेच करावे. साका तळापासून खरवडून ग्लेझ गाळून घ्यावे आणि घनता मोजावी. ती १.४५ असेल, तर पाण्याला हात लावू नये. कपाचे दोन्ही आकडे घ्यावेत. ते जवळपास सारखे आले, म्हणजे एक मिनिट थांबूनही वेळ वाढला नाही, तर जाळी बांधली जात नाही हे सिद्ध होते. १० लिटर ग्लेझमध्ये ७.३ किलो कोरडे द्रव्य असल्याने मॅग्नेशियम सल्फेटच्या वर सांगितलेल्या द्रावणाचे एकूण ३६ मिलिलिटर हा पहिला टप्पा धरून ते तीन-चार भागांत घालावे आणि प्रत्येक भागानंतर मोजावे. नव्या बॅचमध्ये १ टक्का बेंटोनाइट घालून छोटी चाचणी घ्यावी. नेफेलिन सायनाइट मात्र सोडियम सोडतच राहणार, त्यामुळे हे ग्लेझ महिनाभर पडून राहिले की दुरुस्ती पुन्हा लागेल. बादलीवर तारीख, घनता, कपाचे दोन सेकंद आणि तापमान लिहिलेले असेल, तर ती किती लागेल हे तिसऱ्या-चौथ्या नोंदीपासून आधीच कळू लागते.

फवारणीच्या ग्लेझला यातले बरेचसे लागू होत नाही. तिथे थर शोषणाने बसत नसून थेंब वाळून बसतो, म्हणून कमी पाण्याचे, थोडे डीफ्लॉक्युलेट केलेले ग्लेझच चांगले, आणि तिथे कपाचे सेकंद फवाऱ्याच्या तोंडाला जुळवून वेगळे ठरवावे लागतात.